विंडोज टाकताना पीसी मधेच खट्कन बंद होतोय, काय बघू?

रामबागवाला:
मंडळी नमस्कार, इंदूरहून लिहितोय. घरी बाबांचा जुना पीसी आहे, थर्ड जनरेशनचा आय-थ्री, एच६१ बोर्ड, ४ जीबी रॅम. विंडोज ७ होतं, रडतखडत चालायचं पण चालायचं, बाबा त्यावर गणपतीच्या वर्गणीची यादी आणि सोसायटीचा हिशेब करतात. म्हटलं हार्डडिस्क काढून एसएसडी लावू आणि विंडोज १० टाकून देऊ, एवढंच. २४० जीबीची आणली, पेनड्राइव्ह बनवला, सेटअप सुरू झाला, पार्टिशन झालं, सगळं छान, आणि ते टक्के मोजायला लागलं आणि ६४ वर खट्कन बंद. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, घरातली लाइट गेल्यासारखा गेला. लगेच परत चालू केला तर ३० टक्क्यांवर गेला. तिसऱ्या वेळी १२ वरच.

पेनड्राइव्ह बदलला, रॅम काढून खोडरबरने पुसून लावली, तेच. एका दुकानात नेला, त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. बाबा म्हणतात चांगला चालत होता, तूच हात लावलास. आता तुम्हीच सांगा.

सोल्डरगन:
एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तो बघ आधी. जुन्या कॅबिनेटसोबत जे फुकट येतात त्यावर ४५० वॅट छापलेलं असतं, खरं किती ते देव जाणे. नुसता डेस्कटॉप उघडा असताना चालतात, लोड आला की मान टाकतात. मित्राकडून चांगला एसएमपीएस तासभर मागून आण आणि लावून बघ. मल्टीमीटर असेल तर पीसी चालू असताना पिवळी आणि काळी वायर मोज, ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत पाहिजे. आणि तो डबा उघडू नकोस हां, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.

ती हिरवी-काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवायची टेस्ट करतात ना लोक, तिच्यावर जाऊ नकोस. पंखा फिरला म्हणजे डबा जिवंत आहे, एवढंच कळतं.

जुनाजाणता:
यूपीएसवर आहे का? त्याची बॅटरी मेली असेल तरी असं होतं. थेट भिंतीतल्या प्लगला लाव, दोन मिनिटांचं काम आहे.

बडोदेकर_ताई:
अरे थांबा, त्याने लिहिलंय काय ते नीट वाचा ना. ६४, मग ३०, मग १२. पेनड्राइव्ह खराब असता तर सेटअपने काहीतरी एरर दिली असती, रॅम खराब असती तर बहुतेक निळा स्क्रीन आला असता किंवा तिथेच लटकला असता. आणि हा लगेच लगेच चालू करतोय आणि दर वेळी लवकर बंद होतोय. म्हणजे थंड व्हायला वेळच मिळत नाहीये त्याला. मला तरी हे गरम होण्याचंच लक्षण वाटतंय.

विंडोजची ती मोठी फाइल दाबून भरलेली असते, सेटअप ती उलगडून डिस्कवर पसरवतो, तेव्हा प्रोसेसरला चांगलाच घाम फुटतो. वर्गणीची यादी लिहिताना एवढं काम कुठे असतं त्याला? प्रोसेसर खूप तापला की आधी स्वतःच हळू होतो, तरी तापतच राहिला की पॉवर कापली जाते. काही बोर्डांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी बोर्डावरूनच चालतो तो प्रोग्राम) तर शटडाऊन टेंपरेचर असं सेटिंगच असतं, तेवढं झालं की बंद. त्यात तुमच्याकडे मे महिना, खोलीतच ४० असतील तर आतलं काय बोलायचं.

असं कर. तासभर बंद ठेव. मग चालू करून फक्त बायोसमध्ये जा, हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ असं काहीतरी पान असेल, तिथे सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, टेंपरेचर बघत दहा मिनिटं बस. ५०-६० वर थांबलं तर माझं चुकलं, सोल्डरगन म्हणतोय तसा एसएमपीएस बघ. चढतच राहिलं तर प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे पंखा आणि त्याखालची पाती. आणि नुसत्या बायोसमध्येच बंद पडला तर मग विंडोजचा काही संबंधच नाही.

एक विचारू? एसएसडी लावताना प्रोसेसरवरचा पंखा काढला होतास का?

रामबागवाला:
ताई तुम्ही कॅमेरा लावलाय का आमच्या घरी 😅 हो, काढला होता. आत एवढी धूळ होती की पंख्याखालची ॲल्युमिनियमची पाती दिसतच नव्हती, म्हणून काढून जुन्या टूथब्रशने घासला आणि परत दाबून बसवला. लिहायचं राहिलं कारण मला वाटलं ते तर चांगलंच काम केलं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता वाहून न्यायला लावतात ती पेस्ट नवीन नाही लावली, जुनी होती ती सुकून पांढरा खडू झाली होती, म्हटलं आहे थोडी.

यूपीएस काढून थेट लावून पाहिला, तेच.

बायोसमध्ये बसलो आत्ता. सुरुवातीला ५८, दोन मिनिटांत ७४, सहाव्या मिनिटाला ९१ आणि गेला. विंडोज नाही, काही नाही, नुसता बायोस.

बडोदेकर_ताई:
सापडला चोर. आता परत परत चालू करू नकोस.

त्या कूलरला चार कोपऱ्यांत काळ्या प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्यावर बाण. बाणाच्या दिशेने फिरवलं की सुटते, म्हणजे बसवताना बाणाच्या उलट फिरवून ठेवायची. काढताना तू फिरवल्या असणार आणि तशाच दाबल्या असणार, सगळे हेच करतात. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढ, आळस करू नकोस. जुनी पेस्ट प्रोसेसरवरून आणि कूलरच्या तळावरून दोन्हीकडून पूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस. नवीन पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, मधोमध, पसरवत बसू नकोस, कूलर दाबला की आपोआप पसरते. मग समोरासमोरच्या दोन टोप्या एकदम दाब, तिरप्या. टक असा आवाज यायला पाहिजे. मग उरलेल्या दोन. आणि बोर्ड उलटा करून बघ, चारही भोकांतून पांढरे पाय बाहेर आलेत आणि मधे काळी पिन घुसलीय का. एक जरी नुसतीच टेकलेली असली तरी कूलर त्या बाजूने उचललेला राहतो. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलंय तिथेच लाव.

सोल्डरगन:
ताई बरोबर. माझा एसएमपीएस परत घेतो 🙏 तरी तो बदलच कधीतरी.

रामबागवाला:
पेस्ट आरएनटी मार्गावरून आणली, सकाळी पोहे-जलेबी खाऊन बसलोच. बोर्ड उलटा केला तर तीन पाय बाहेर आणि चौथा भोकातच अडकलेला, पाय थोडा वाकलाय. वरून बघताना चारही सारख्याच दिसत होत्या, शप्पथ! पक्कडीने हळूच सरळ केला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा टक झालं.

बायोसमध्ये वीस मिनिटं बसलो, ४९ च्या वर गेला नाही. सेटअप लावला, ६४ टक्के पार होताना बाबासुद्धा मागे येऊन उभे होते. १०० झाले, रीस्टार्ट झाला, आणि परत पहिल्यापासून भाषा विचारतोय. आता हे काय?

जुनाजाणता:
पेनड्राइव्ह काढ रे बाबा. अजून त्यावरूनच बूट होतोय.

सोल्डरगन:
आणि नेट लावण्याआधी एक लक्षात घे, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. बाबांचं बँकेचं काम त्यावर नको. यादी आणि हिशेबाला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टमसुद्धा मजेत चालेल.

रामबागवाला:
काढला, झालं, डेस्कटॉप आला! बँकेचं ते अजून पासबुक घेऊन रांगेत उभे राहूनच करतात, तेव्हा काळजी नाही. मिंटचं नाव काढलं तर म्हणाले, आधी माझी यादी कुठे गेली ते सांग. जुन्या हार्डडिस्कवर आहे, आता ती जोडतोय.