महासाथीतला फुटबॉल: जर्मनीचा मार्ग योग्य की फ्रान्सचा?

गोलपोस्ट (चर्चाप्रस्ताव)

2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे युरोपातल्या जवळजवळ सर्व फुटबॉल लीग थांबल्या. अर्धवट राहिलेल्या हंगामाचे काय करायचे, या एकाच प्रश्नाला शेजारशेजारच्या देशांनी अगदी वेगळी उत्तरे दिली. नेदरलँड्सने 24 एप्रिलला आणि फ्रान्सने 30 एप्रिलला हंगाम गुंडाळला. जर्मनीने मात्र 16 मे रोजी रिकाम्या मैदानांत सामने सुरू केले आणि जूनमध्ये स्पेन, इंग्लंड व इटली त्याच वाटेने गेले. माझ्या मते जर्मनीचा निर्णय योग्य होता. 'लोकांना विरंगुळा हवा होता' या युक्तिवादाचा आधार मला नको, कारण विरंगुळ्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही काळात असमर्थनीयच ठरेल.

माझा मुद्दा कार्यपद्धतीचा आहे. जर्मन लीगने राष्ट्रीय संघाचे डॉक्टर टिम मायर यांच्या नेतृत्वाखाली कृतिगट नेमला, मैदानाचे व परिसराचे विभाग पाडून सामन्याला हजर राहणाऱ्यांची संख्या सुमारे 300 वर आणली, खेळाडूंच्या नियमित चाचण्या ठरवल्या आणि हे सारे लेखी स्वरूपात जाहीर केले. वरच्या दोन श्रेणींतल्या 36 क्लबांच्या सुरुवातीच्या 1,724 चाचण्यांत 10 जण बाधित आढळले, हेही लपवले नाही. केंद्र व राज्य सरकारांनी 6 मे रोजी परवानगी दिली, तेव्हा तपासून पाहता येईल असा आराखडा त्यांच्यासमोर होता.

हंगाम थांबवला की सर्वांना सारखा न्याय मिळतो, हा समज मला पटत नाही. लेउवार्डनचा काम्बूर हा क्लब डच दुसऱ्या श्रेणीत अव्वल आणि तिसऱ्या क्रमांकापेक्षा 11 गुणांनी पुढे होता; त्याला वरच्या श्रेणीत जाऊ दिले नाही आणि न्यायालयातही दाद लागली नाही. फ्रान्समध्ये 10 फेऱ्या शिल्लक असताना आणि वरच्या संघापासून अवघे 4 गुण मागे असताना आमियाँ या क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकलले. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 9 जूनला या घसरणीला स्थगिती देऊन फेरविचार करायला सांगितले. लीगने फेरविचार करून तोच निर्णय कायम ठेवला.

बारावा गडी

आराखडा उत्तम होता, यात वाद नाही. पण तो कुणासाठी अमलात आला, हेही पाहावे लागेल. इंग्लंडमधली महिलांची सुपर लीग 25 मे रोजी रद्द करण्यात आली आणि 5 जूनला प्रतिसामना गुणांच्या सरासरीवर तिचा निकाल लावला गेला. एका गुणाने आघाडीवर असलेली मँचेस्टर सिटी दुसरी ठरली, एक सामना कमी खेळलेली चेल्सी विजेती ठरली आणि लिव्हरपूलचा महिला संघ खालच्या श्रेणीत गेला. 25 जूनला लिव्हरपूलच्या पुरुष संघाचे 30 वर्षांनंतरचे विजेतेपद पक्के झाले, कारण त्यांची लीग पुन्हा सुरू झाली होती. एकाच क्लबच्या दोन संघांना असा वेगवेगळा न्याय मिळाला, त्याला विषाणू जबाबदार नाही. पुरुषांच्या लीगचे 92 सामने बाकी होते आणि ते झाले नसते तर प्रक्षेपण हक्कांचे पैसे परत करावे लागले असते.

दुसरे असे की, धोका पत्करणाऱ्यांना नकार देण्याचे खरे स्वातंत्र्य होते का? वॉटफर्ड या इंग्लिश क्लबचा कर्णधार ट्रॉय डीनी याने श्वसनाचा त्रास असलेल्या आपल्या तान्ह्या मुलाच्या काळजीने सरावाला येण्यास नकार दिला, तेव्हा त्याला समाजमाध्यमांवर अत्यंत हीन भाषेत लक्ष्य केले गेले. तो नामांकित असल्यामुळे निभावून गेला. करार संपत आलेल्या, नाव नसलेल्या खेळाडूने काय करावे?

जर्मनीचेच उदाहरण हवे असेल तर दुसऱ्या श्रेणीतल्या डायनॅमो ड्रेस्डेन या क्लबचे घ्या. खेळाडू बाधित आढळल्यामुळे 9 मेपासून संपूर्ण संघाचे दोन आठवडे विलगीकरण झाले, आणि मग त्याच संघाला 31 मे ते 28 जून एवढ्या अवधीत नऊ सामने खेळावे लागले. शेवटी तो तिसऱ्या श्रेणीत घसरला.

वाचनमात्र

एरवी मी फक्त वाचतो. पण स्पर्धेच्या न्याय्यतेवर इतका भर दिला आहे म्हणून लिहितो. पुन्हा सुरू झालेली स्पर्धा आधीचीच होती, असे म्हणता येते का? बदली खेळाडूंची मर्यादा तीनवरून पाचवर गेली, म्हणजे ज्यांच्याकडे राखीव खेळाडूंचा भरणा त्यांचे फावले. बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीच्या अव्वल श्रेणीच्या, पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या फेरीतल्या नऊ सामन्यांपैकी एकच यजमान संघ जिंकला, तो शाल्केला 4-0 हरवणारा डॉर्टमुंड. आधीच्या फेऱ्यांत घरच्या गर्दीसमोर खेळून झालेल्यांना आणि घरचे सामने उरलेल्यांना एकाच तक्त्यात मोजले गेले.

मडगावकर

आमच्या मडगावातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर 14 मार्च 2020 रोजी आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला, आणि नोव्हेंबरपासूनचा पुढचा अख्खा हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर, संघांना हॉटेलांत बंदिस्त ठेवून पार पडला. जर्मन खेळाडू प्रारंभीचा विलगीकरणाचा काळ सोडला तर आपापल्या घरी राहत होते. आमच्याकडची तटबंदी अधिक भक्कम होती, पण तिची किंमत खेळाडूंनी कित्येक महिने कुटुंबापासून दूर राहून मोजली, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे.

आय-लीग या भारतातल्या दुसऱ्या लीगचे उरलेले सामने मात्र रद्द झाले आणि मोहन बागानच्या विजेतेपदावर वाद झाला नाही, कारण ते स्थगितीपूर्वीच निश्चित झाले होते. नेदरलँड्समध्ये आयाक्स आणि एझेड या अव्वल दोन क्लबांचे गुण समान, 56, होते. विजेता कुणालाच घोषित केले नाही, हे एझेडने त्या हंगामात आयाक्सला दोन्ही वेळा हरवलेले असताना. थांबणे किती अन्यायाचे ठरते, हे लीग कोणत्या टप्प्यावर थांबली यावर अवलंबून असते.

गोलपोस्ट

@वाचनमात्र, स्पर्धा बदलली, हे खरे. पण पर्यायी सूत्र त्याहून बरे होते का? इंग्लंडच्या 20 संघांच्या लीगमध्ये, जिथून तळाचे तीन खाली जातात, ॲस्टन व्हिला स्थगितीच्या वेळी 19 वी होती. सरासरीच्या सूत्राने ती बाहेरच गेली असती, प्रत्यक्षात खेळून ती एका गुणाने वाचली. आता तुम्ही म्हणाल की 17 जूनच्या शेफील्ड युनायटेडविरुद्धच्या सामन्यात चेंडू व्हिलाच्या गोलरेषेपलीकडे जाऊनही गोल टिपणाऱ्या यंत्रणेने तो दाखवला नाही आणि व्हिलाला तो गुण त्यातून मिळाला. त्या एका गुणाने खाली गेलेल्या बोर्नमथच्या पाठीराख्यांना त्याबद्दल आजही राग येत असणार; पण त्या बिघाडाचा महासाथीशी संबंध नव्हता.

@बारावा गडी, महिला लीगचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. मात्र त्यातून पुरुषांचे सामने बंद ठेवावेत, असे निघत नाही. जर्मनीत महिलांची लीगही 29 मे रोजी सुरू झाली, आणि चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा खेळणाऱ्या चार पुरुष क्लबांनी उभ्या केलेल्या 20 दशलक्ष युरोंच्या निधीतला काही भाग तिकडे वळवला गेला. इंग्लंडने हे केले नाही, हा इंग्लंडच्या संघटनेचा दोष. ड्रेस्डेन तर स्थगितीपूर्वीही तळालाच होता. त्याची दमछाक झाली ती 30 जूनला खेळाडूंचे करार संपत असल्यामुळे सगळे महिनाअखेरीस आटोपण्याच्या घाईने.

बारावा गडी

माझे म्हणणे नेमके तेच आहे: तारीख आणि विलगीकरण यांची टक्कर झाली, तेव्हा तारीख जिंकली. स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत 20 जुलैला, शेवटच्या फेरीच्या दिवशी, हे अधिक उघडे पडले. फ्युएनलाब्रादाचा संघ प्रवास करून ला कोरुन्याला पोहोचला आणि त्यातले खेळाडू बाधित असल्याचे समजले. त्यांचा तिथल्या देपोर्तिवो या क्लबशी होणारा सामना पुढे ढकलला, पण त्याच संध्याकाळचे बाकी सामने खेळवले गेले. त्यांच्या निकालांमुळे देपोर्तिवो मैदानात न उतरताच तिसऱ्या श्रेणीत गेला. राहिलेला सामना 7 ऑगस्टला झाला. तो हरल्याने फ्युएनलाब्रादाची बढतीच्या फेरीतली जागा एल्चेला मिळाली, आणि एल्चे पुढे वरच्या श्रेणीत पोहोचला. एक सामना थांबवायचा तर संपूर्ण फेरी थांबवावी, इतकी साधी तरतूद त्या लीगने पाळली असती, तर लेखी आराखड्यांवरचा आपला विश्वास मला समजला असता.