'प्रतिलेखन घटक' म्हणजे काय? आणि औषधातला हरताळ

अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्या घरच्यांसाठी मराठीत माहिती लिहितो आहे. 'ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर'ला 'प्रतिलेखन घटक' असा शब्द सापडला. वाचणाऱ्याला कळेल का? शिवाय, उपचारातल्या आर्सेनिकला 'हरताळ' म्हणावं का?

— 'घटक' नको. त्याने साहित्याची यादी डोळ्यापुढे येते. कचेरीत नक्कलनवीस नक्कल उतरवतो, पण कोणत्या कागदाची द्यायची ते वरचा अधिकारी ठरवतो. डीएनएवर बसून कोणत्या जनुकाची नक्कल निघावी हे ठरवणारं प्रथिन म्हणजे तो अधिकारी. मी 'जनुक-नियामक प्रथिन' लिहीन.

या आजारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि आरएआर-अल्फा हे नियामक प्रथिन पीएमएल नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जोडलं जातं. एरवी अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल मिळालं की आरएआर-अल्फा नक्कल निघू देतं. जोडप्रथिन तेवढ्याने बधत नाही, अडवूनच धरतं. पांढऱ्या पेशी अर्ध्या वाढीत अडकून साचतात, रक्त गोठण्याची घडी विस्कटते, आणि उपचार नसले तर रक्तस्रावाने माणूस काही दिवसांतही दगावतो. शांघायच्या वांग झेन्यी यांनी १९८०च्या दशकात रेटिनॉइक आम्ल मोठ्या मात्रेत दिलं, तेव्हा त्या अडकलेल्या पेशी वाढून जाणत्या झाल्या. कर्करोगाच्या पेशीला मारण्याऐवजी मोठं करायचं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

— हरताळाबद्दल मी सांगते. हरताळ हे पिवळं खनिज, मनशीळ हे तांबडं. दोन्हींत आर्सेनिकसोबत गंधक. सोमल पांढरा, म्हणजेच आर्सेनिक ट्रायऑक्साइड. शिरेतून देतात तो हा. त्यामुळे 'हरताळ' चूकच. (चीनमध्ये याच आजारावर मनशीळ असलेल्या गोळ्याही देतात.)

पण वाक्प्रचार मात्र चपखल बसतो. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासून ती झाकत, त्यावरून 'हरताळ फासणे'. इथेही आर्सेनिक जोडप्रथिनातल्या पीएमएलच्या भागाला चिकटतं आणि मग पेशीच ते प्रथिन मोडून टाकते.

— दोघांचेही आभार. मग 'सोमल' लिहू?

— घरच्यांसाठी नको हो. आमच्याकडे सोमल म्हटलं की विषप्रयोगच आठवतो. 'आर्सेनिक ट्रायऑक्साइड' लिहा, आणि मात्रा डॉक्टर मोजून देतात, मधूनमधून हृदयाचा आलेख काढतात, हे त्याच ओळीत सांगा.