मदत हवी आहे: गालाच्या कॅन्सरसाठी मानेचं ऑपरेशन झालं, आता डावा हात वर जात नाही

नमस्कार. सोलापूरहून लिहितेय. माझे वडील (आम्ही अण्णा म्हणतो), वय 58, चादरीच्या कारखान्यात मागावर काम करतात. तीस वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुना. तिथंच जखम झाली. ऑपरेशनला आज 31 दिवस झाले. गालाचा भाग काढला, छातीचं मांस वळवून तिथं बसवलं आणि डाव्या बाजूच्या मानेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या.

दवाखान्यात एक घोळ झाला होता. नाकातल्या नळीतून दूध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी मानेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या (ड्रेनच्या) बाटलीत पांढरं पाणी. आईला वाटलं, टाके सुटले आणि पाजलेलं दूधच मानेतून गळतंय. रडून गोंधळ घातला तिनं. डॉक्टर म्हणाले, जेवणातलं तेल-तूप वाहून नेणारी एक बारीक नळी डाव्या मानेत असते, तिला कुठंतरी भोक पडलंय. दूध-तूप बंद, बिनचरबीचं खाणं, वर घट्ट पट्टी. आठवड्यात बाटली कोरडी झाली. ते निभावलं.

आता खरं दुखणं खांद्याचं आहे. सदरा घालताना अण्णा उजव्या हातानं डावा हात उचलून बाहीत सरकवतात. बाजूनं उचलायला सांगितलं तर खांद्याच्या खाली येऊनच थांबतो. चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळ येतो, कानाची पाळी बधिर आहे. या दोन्हींचं ते मनावर घेत नाहीत. पण तुटलेला धागा गाठायला हात वर लागतो, म्हणून खांद्यापाशी येऊन गप्प होतात.

त्यात काका रोज येऊन तेच म्हणतात, "मानेत हाताला गाठ लागत नव्हती की! मग मान कशाला चिरली? धडधाकट हात घालवला." रिपोर्टमध्ये 34 पैकी 2 गाठींत कॅन्सर निघालाय, गाठींच्या बाहेर पसरलेला नाही. तरी कागदावर स्टेज चार-ए! आता लाईटच्या (रेडिएशनच्या) 30 बैठका सांगितल्यात. अण्णांचं म्हणणं, सगळं काढून टाकलंय तर लाईट कशाला. काय सांगू त्यांना? आणि हात येईल का परत?

शेंगाचटणी:
ताई, काकांना रिपोर्टच दाखवा. हाताला न लागणाऱ्या गाठींत दोन ठिकाणी निघाला, म्हणजे मान उघडली नसती तर तो आतच राहिला असता. हाच वाद मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं अभ्यास करून मिटवलाय, 2015 साली छापून आलाय. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेत गाठ लागत नाही, असे पेशंट. तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के.

आणि 'चार' या आकड्याला भिऊ नका. एकापेक्षा जास्त गाठींत कॅन्सर निघाला की तोंडाच्या कॅन्सरमध्ये निदान 'चार-ए' तरी लिहितातच. माझ्या मिस्टरांच्या कागदावर हेच होतं. बरं करायच्या हिशेबानंच उपचार देतात.

हाडवैर:
मी फिजिओथेरपिस्ट, पण अण्णांना तपासलेलं नाही, हे धरून वाचा. खांदा उचलून धरणाऱ्या स्नायूची नस मानेतल्या त्या गाठींमधूनच जाते. नस वाचवली तरी गाठी काढताना ती ओढली जाते, दुखावते. अशी नस सावकाश जागी होते. महिने लागतात, कधी वर्षही. ऑपरेशनच्या नोंदीत नस राखली की कापली ते लिहिलेलं असतं, आधी ते विचारा. सगळं त्यावर आहे. छातीचं मांस घेतलंय, त्याचाही ताण खांद्यावर येतो.

तोवर हात लोंबता ठेवू नका. बसताना कोपराखाली उशी, चालताना हात खिशात. त्या हातात भाजीची पिशवीसुद्धा नको. सर्जननं परवानगी दिली की भिंतीवर बोटं चढवायची. खांदा एकदा आखडला तर उद्या नस जागी झाली तरी हात जाणार नाही.

बार्शीकर:
लाईटचं टाळू नका. दोन गाठींत कॅन्सर निघालाय म्हणजे डोळ्याला न दिसणारं काही उरलेलं असू शकतं, त्यासाठी ती आहे. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी आणि तुमचे साडेचार झालेत! लाईट घेताना डोकं हलू नये म्हणून लावायचा मास्क बनवणं, आखणी यातही दिवस जातात. किडके दात असतील तर आधी दाखवा, लाईटनंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. आमच्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात चौकशी करा, रेशनकार्ड-आधार घेऊन जा, जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथंच कळेल. पुढे थायरॉईडची तपासणी अधूनमधून करत राहा. मान भाजली की ती ग्रंथी मंदावते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. ऑपरेशनची नोंद काढून आणली. नस राखली आहे असं स्पष्ट लिहिलंय. सर्जनला फोन केला, भिंतीचा व्यायाम चालेल म्हणाले. कॅलेंडरच्या शेजारी पेन्सिलनं रेघ मारलीय. अण्णांची बोटं काल तिथवर गेली होती, आज दोन बोटं वर. काकांनी रिपोर्ट चष्मा लावून वाचला, काही बोलले नाहीत, पण बुधवारी बार्शीला गाडी काढतो म्हणालेत.

एकच विचारायचंय. सोलापूर-बार्शी रोज एसटीनं ये-जा करून कुणी 30 बैठका पूर्ण केल्यात का, की शेवटी तोंड आलं की तिथंच खोली घ्यावी लागते?