आईवडिलांचा बायपोलर आजार स्थळाला सांगायचा की नाही?

वाळवेकर:
मामेबहिणीला तासगावकडचं स्थळ आलं होतं. पसंती झाली, याद्या तेवढ्या राहिल्या होत्या. मामांना बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणारा मनाचा आजार, आहे हे कुणीतरी तिकडं कळवलं आणि मध्यस्थाचा निरोप आला, "रक्तातच आहे, नको." मामा त्यावरचं लिथियम हे औषध नेमानं घेतात, दर तीन-चार महिन्यांनी मिरजेत त्याची रक्तातली पातळी तपासतात, द्राक्षबाग स्वतः बघतात. उन्हात फवारणी असली की पाण्याची कळशी बांधावर हवीच, कारण अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम वाढतं. पोरगी ठणठणीत आहे. स्वतःचा आजार लपवू नये हे मान्य, पण बापाचा आजार पोरीच्या माथी का मारायचा?

कोरेगावची लेक:
सांगायलाच हवं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 60 ते 80 टक्के निघतो. माझ्या सासूबाईंचा आजार मला लग्नानंतरही कुणी सांगितला नाही. नवरा खचला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला असं काही? सासऱ्यांनी नाही म्हणून सांगितलं. मग नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली. काही आठवड्यांत ह्यांची झोपच उडाली, रात्री दोनला दुकान उघडून माल उधारीवर वाटायला लागले. बायपोलर माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय ती गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो. आईचा आजार कळला असता तर डॉक्टर सावध राहिले असते.

वाळवेकर:
ताई, तुम्ही सोसलंत ते वाईटच. पण ते 60-80 टक्के म्हणजे पोरीला आजार होण्याची शक्यता नव्हे. लोकांमधल्या फरकाचा किती भाग जनुकांमुळे, एवढंच त्यातून कळतं. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता 5 ते 10 टक्के धरतात. एरवी ती 1-2 टक्के असते. म्हणजे दहातली नऊ मुलं सुटतात! 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलेल्या मोठ्या अभ्यासात आजाराशी जोडलेल्या जनुकीय जागा 298 निघाल्या, आणि एकेकीचा परिणाम अगदी बारीक. आजार होणार की नाही हे सांगणारी रक्ततपासणी आजही नाही. मग मध्यस्थ कशाच्या जोरावर बोलतो?

वॉर्डातली:
मी मनोविकार विभागात नर्स आहे. आकडे वाळवेकरांचे बरोबर, पण मत ताईंचं पटतं. घरात साखरेचा आजार आहे हे आपण पहिल्या चहालाच सांगतो, मग हेही तसंच सांगता यावं. मात्र मध्यस्थामार्फत नको. मुलामुलीनं एकमेकांना सांगावं, आणि मामांना विचारून. आजार त्यांचा आहे.

वाळवेकर:
सांगितलं की मोडतं, हा अनुभव आहे. शिवाय धाकटी बहीण आहे, तिचंही अडेल.

कोरेगावची लेक:
मोडणारं याद्यांआधी मोडू दे. बाळंतपणानंतर या आजाराचा झटका येण्याचा धोका वाढतो. त्या वेळी रात्र-रात्र जागी सून बघून सासरचे अंगारा लावत बसले तर? माहिती असेल तर निदान 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन तरी करतील. तुमच्या मामेबहिणीला विचारलंत का, तिला काय वाटतं?

वाळवेकर:
आज विचारलं. पुढच्या मुलाला पहिल्याच भेटीत स्वतः सांगणार म्हणते. मामांनीही हो म्हटलंय. मला अजून पटत नाही, पण मध्ये पडणार नाही.