डायमंड-कट अलॉयवर क्लिअरखाली पांढऱ्या रेघा: घरी जमेल, की लेथवरच न्यायचं?

खारावारा:
हॅचबॅक, १५ इंची कंपनीचेच डायमंड-कट अलॉय (दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेली ॲल्युमिनियमची चाकं), पाच वर्षं झाली. गाडी रत्नागिरीत उघड्यावर उभी असते. सध्या अवस्था अशी आहे. पुढच्या दोन्ही चाकांवर बारीक तपकिरी ठिपके, शाम्पू-ब्रशला दाद देत नाहीत. दोन चाकांवर स्पोकच्या कडेपासून आत, क्लिअरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली, केसासारख्या वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा शिरल्यात. डावं मागचं चाक फुटपाथला घासलंय, वीतभर ओरखडा, खोली १ मिमीच्या आत. आणि त्याच चाकाची हवा आठवड्याला ४-५ पीएसआय उतरते. पंक्चरवाल्याने टायर फिरवून बघितला, खिळा-बिळा काही नाही.

एक दुकानदार म्हणतो ॲसिडने धुऊन चंदेरी रंग मारतो, दुसरा पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पावडर भट्टीत तापवून बसवणं) सुचवतो, तिसरा लेथवर नवा कट मारून देतो म्हणतो. यातलं घरी किती होईल आणि सामान किती लागेल?

नटबोल्ट:
आधी रेघांचं बघा, बाकी सगळं त्यावर ठरतं. ते गंजणंच आहे. खडा लागून किंवा कडेला क्लिअर मुळातच पातळ असल्याने कुठेतरी एक टोचा पडतो. तिथून समुद्राच्या हवेतलं मीठ आणि ओल आत जाते आणि धातू व क्लिअर यांच्या मधून दोऱ्यासारखी पुढे सरकत राहते. आर्द्रता साधारण ७५ ते ९५ टक्के असली की हे झपाट्याने होतं, म्हणजे कोकणात जवळजवळ अर्धं वर्ष.

डायमंड-कटला हे जास्त छळतं, कारण कापलेल्या चकचकीत भागावर प्रायमर नसतो, रंग नसतो. उघड्या ॲल्युमिनियमवर थेट क्लिअर. शेजारच्या खोलगट काळ्या-राखाडी भागात प्रायमर-रंग-क्लिअर असे तीन थर असतात, तिथे सहसा काही होत नाही. तुमच्या चाकावर ताडून बघा.

त्यामुळे तेवढ्याच जागी टचअप करू नका. लेथच्या टूलने उठलेल्या, सीडीवर असतात तशा बारीक गोल रेषा हाताने परत काढता येत नाहीत. सँडपेपर मारलेला ठिपका दहा फुटांवरून दिसतो. ठिपक्यांचा प्रश्न वेगळा आहे, ते घरी निघतात.

फेसबादली:
ठिपक्यांचं मी सांगतो. डिस्क आणि पॅड झिजून उडालेले लोखंडाचे तापलेले कण क्लिअरमध्ये रुततात आणि मग जागच्या जागी गंजतात. म्हणून तपकिरी, आणि म्हणून पुढच्या चाकांवर जास्त. ब्रेकचा बराचसा भार पुढेच असतो. शाम्पू मळ काढतो, रुतलेलं लोखंड नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. बाटलीवर थायोग्लायकोलेट आणि पीएच न्यूट्रल हे दोन शब्द शोधा. लोखंडाला लागला की जांभळा होतो. वास सडक्या अंड्याचा, मोकळ्यावर करा आणि हातमोजे घाला.

चाक गार हवं, सावलीत हवं. हाताला गरम लागत असेल तर अर्धा तास थांबा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाळू-चिखल काढा, नाहीतर ब्रशने तीच वाळू क्लिअरवर घासाल. मग शाम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश. चाकांची बादली आणि स्पंज बॉडीच्या बादलीपासून वेगळा. आता आयर्न रिमूव्हर मारा, ३ ते ५ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवा. जुन्या चाकांना दोनदा करावं लागतं. ५०० मिलीच्या बाटलीत चार चाकं दोन वेळा होतात. डांबराचे काळे थेंब राहिले तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन पुसा आणि लगेच शाम्पूने धुवा. तरी खरखर लागली तर क्ले बार (रुतलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी), साबणाच्या पाण्यासोबत.

शेवटी पुसून कोरडं करा. बोअरचं पाणी तसंच वाळलं तर क्षारांचे पांढरे गोल उमटतात, आणि लोक त्यालाच गंज समजून घासत बसतात.

ॲसिडवाल्याला हात जोडा. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. टॉयलेट साफ करायचं ॲसिड क्लिअरच्या टोच्यांतून आत शिरलं की महिनाभर चाक चकचकीत दिसतं, मग रेघा दुप्पट. कॉस्टिक सोडा तर धातूच खातो, हायड्रोजनचे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. भांडी घासायची तारेची घासणीही नको, तिचे लोखंडी कण रुतून बसतात आणि नवे ठिपके तयार.

दुसराहात:
रेघा असलेली दोन चाकं घरी रंगवता येतील, पण डायमंड-कट सोडून पूर्ण चंदेरी किंवा ग्रे करायची तयारी हवी. आणि मग चारही करावी लागतील, नाहीतर गाडी दोन गाड्यांची वाटेल.

टायर काढलेले असले तर उत्तम. नसतील तर हवा थोडी उतरवा आणि पत्त्यांचा जुना कॅट घ्या. टायर आणि रिमच्या फटीत एकेक पत्ता खोचत गोल फिरा. मास्किंग टेपपेक्षा लवकर होतं आणि रिमची कड पूर्ण उघडी राहते.

सँडपेपर: रेघा आणि ओरखड्यावर १८० ते २४० नंबरचा. पांढरं दिसेनासं झालं म्हणून थांबू नका. खाली बारीक खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी गंज असतो. धातू सगळीकडे एकसारखा लखलखीत दिसेपर्यंत घासा. बाकीच्या शाबूत क्लिअरला ४००, कोपऱ्यांत लाल स्कॉच-ब्राइट. क्लिअर आणि धातूच्या सीमेवर बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. ती प्रायमरखालून हमखास वर दिसते.

ओरखड्यात लांबी (खळगे भरायची पुट्टी) भरा. १०० ग्रॅमला २ ते ३ ग्रॅम हार्डनर. जास्त घातला तर लवकर सुकते खरी, पण बारीक छिद्रं पडतात आणि रंगावर डाग येतो. कोकणच्या उन्हात चार-पाच मिनिटांतच आवळते, म्हणून सुपारीएवढीच कालवा. अगदी कडेला ॲल्युमिनियम भरलेली एपॉक्सी पुट्टी जास्त टिकते. टायर जिथे बसतो त्या आतल्या पट्ट्यात मात्र काहीही भरायचं नाही. ३२० ने सपाट करा.

मग सिलिकॉन रिमूव्हर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एका फडक्याने ओलं, दुसऱ्याने लगेच कोरडं. टायर पॉलिशचं सिलिकॉन राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

प्रायमर स्प्रे कॅनमधला, ॲल्युमिनियमला चालणारा एपॉक्सी घ्या, दोन पातळ हात. एचिंग (आम्लाने धातूला धरणारा) प्रायमरही चालतो असं दुकानदार सांगेल. उघड्या धातूवर चालतो, पण त्यातलं आम्ल आणि लांबी यांचं पटत नाही. सुकल्यावर ६०० चा वॉटर पेपर. मग रंगाचे तीन पातळ हात, २० ते २५ सेंमीवरून, मध्ये १० ते १५ मिनिटं. चंदेरीचा शेवटचा हात ३० सेंमीहून लांबून, नुसता तुषार. त्याने चांदीचा दाणा सारखा बसतो, ढग दिसत नाहीत. वर २के (हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या) क्लिअरचे दोन हात. साधा, हार्डनर नसलेला १के क्लिअर पेट्रोलला किंवा ब्रेक ऑइलला टिकत नाही, चाकावर त्याचा उपयोग नाही.

फक्त दर्शनी बाजू, चार चाकं: प्रायमर ४०० मिलीचे २ कॅन, रंग ३, २के क्लिअर २. क्लिअरच्या बुडाची कळ दाबली की हार्डनर मिसळतो आणि साधारण दिवसभरात आत घट्ट होतो, म्हणून चारही चाकं एकाच दिवशी क्लिअरला आणा. त्यात आयसोसायनेट (श्वासातून गेलं तर घातक रसायन) असतं. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क, चष्मा, मोजे, आणि काम उघड्यावर. कापडी मास्क लावला काय, न लावला काय. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्याला द्यावं.

नटबोल्ट:
एक भर. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर कॅन हलवूसुद्धा नका, क्लिअर दुधाळ होतं. रत्नागिरीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी अकरा ते दुपारी तीन, वारा पडलेला असताना.

भट्टी२००:
लेथ आणि पावडर राहिलं. लेथवर प्रत्येक कटला ०.१ ते ०.३ मिमी धातू जातो. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा मी करू देणार नाही. शिवाय खाऱ्या हवेत पुन्हा तोच उघड्या धातूवरचा क्लिअर, म्हणजे दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा इथेच प्रश्न विचाराल. तरी हौस असेल तर दुकानदाराला एवढंच विचारा: कट झाल्यावर क्लिअर त्याच दिवशी मारता का, आणि मधे चाक उघड्या हाताने उचलता का? घामातलं मीठसुद्धा पुरतं.

समुद्राकाठी माझं मत पावडरला. पण जुना रंग कसा काढतात ते आधी विचारा. रसायनाने काढून बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून साफ करणं) करत असतील तर ठीक. जाळून काढत असतील तर चाक परत घेऊन या. ही चाकं कास्टिंग करून उष्णतेने कडक केलेली असतात आणि शेवटचा टप्पा दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तासांचा असतो; चारशे अंशांच्या भट्टीत तो कडकपणा निघून जातो. दिसायला काही फरक नाही, खड्ड्यात गेल्यावर कळतं. स्टीलच्या ग्रिटने ब्लास्टिंगही नको.

पावडर १८० ते २०० अंशांवर, धातू त्या तापमानाला आल्यापासून १० ते २० मिनिटं. त्याआधी चाक एकदा रिकामंच तापवून घ्यायला सांगा, कास्टिंगच्या छिद्रांतली हवा आणि तेल निघून जातं. ते टाळलं की पावडरवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात आणि त्यातून पुन्हा गंज. भट्टीत जाण्यापूर्वी व्हॉल्व्ह, मधली प्लास्टिकची टोपी, असल्यास टायर प्रेशरचा सेन्सर, सगळं काढलेलं हवं.

आणि नटाच्या उतरत्या बैठकी व हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी मागची सपाट बाजू झाकूनच पावडर मारायची. तिथे थर बसला तर टॉर्क (नट आवळण्याचा जोर) रंगावर येतो, चालता चालता रंग दबतो आणि नट सैल पडतात. घरी कॅनने मारणाऱ्यांनाही हे लागू.

दुसराहात:
बरोबर, बैठकींचं मी लिहायला विसरलो. नटाच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबा.

टायरवाला_नाही:
हवेबद्दल कुणीच बोललं नाही. चाक काढून आडवं ठेवा, टायर आणि रिमच्या खाचेत साबणाचं पाणी भरा, तीन मिनिटं नुसतं बघा. मग उलटी बाजू. मग व्हॉल्व्ह. पाच वर्षांच्या खाऱ्या चाकात बहुतेक वेळा टायर बसतो तिथे पांढरी पूड जमलेली असते आणि बारीक फेस तिथूनच येतो. टायर उतरवून तो पट्टा स्कॉच-ब्राइटने गुळगुळीत करायचा, बीड सीलरचा (टायरच्या कडेची गळती बंद करणाऱ्या लेपाचा) पातळ हात, आणि रबरी व्हॉल्व्ह नवा, टीआर ४१३ किंवा ४१४, जो आता असेल तो.

बुडबुडे रिमच्या आतल्या नळकांड्यातून येत असतील तर ती चीर आहे. रंगाचा खर्च थांबवा. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण चीर असलेलं चाक बदलायचंच. रंगवायच्या आधी बॅलन्सिंग मशीनवर नुसतं फिरवूनही घ्या. वाकडं चाक रंगवून सरळ होत नाही.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. नट हाताने लावा, मग समोरासमोर, टॉर्क पान्याने. आकडा मॅन्युअलमधला, लहान गाड्यांत साधारण ८५ ते १२५ न्यूटन-मीटर. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा. बॅलन्सिंगला चिकटपट्टीची वजनं आतून लावायला सांगा. कडेला ठोकायची वजनं नव्या रंगाला पहिला टोचा पाडतात.

खारावारा:
साबणाचं पाणी ओतलं. आतल्या बाजूला, टायरच्या कडेला दोन ठिकाणी फेस येतोय, नळकांडं कोरडं आहे. पावडरचं ठरवतोय. घरी कॅनने केलं असतं तर टायर किती दिवसांनी चढवता आले असते? मित्राच्या चाकांसाठी विचारतोय.

दुसराहात:
किमान ४८ तास, थंडीत तीन दिवस. टायरवाल्याकडे मशीनच्या जबड्यावर प्लास्टिकची टोपी आहे का ते आधी बघून घ्या. पहिला आठवडा नुसतं पाणी, शाम्पू नको. आयर्न रिमूव्हर महिन्यानंतर.