'हुतात्मा', 'बंड', 'माफी' : सावरकर आणि काही अवघड शब्द

मुद्रितशोधक :
२६ फेब्रुवारीला सावरकरांची पुण्यतिथी आणि लगेच २७ला मराठी भाषा गौरव दिन. त्यामुळे दरवर्षी त्या दोन दिवसांत 'सावरकरांनी मराठीला दिलेले शब्द' ही यादी व्हॉट्सॲपवर फिरते. यंदा ती एका स्मरणिकेच्या मजकुरात येऊन माझ्या टेबलावर पडली आहे. दिनांक, क्रमांक, महापौर, दूरध्वनी, हुतात्मा, चित्रपट, दिग्दर्शक, शुल्क, मूल्य, वेतन, निर्बंध, झरणी... दरवर्षी लांबतच चालली आहे. यातले त्यांनी खरोखर घडवलेले किती?

दुसरी अडचण मोठी आहे. एका लेखात अंदमानातून सरकारला पाठवलेल्या अर्जांना 'माफीनामे' म्हटलंय, तर दुसऱ्यात त्याच अर्जांना 'आवेदने'. संपादक म्हणतात, एकच शब्द ठेवा. कोणता ठेवू?

पोथीवाला :
यादीपुरतं आधी सांगतो. 'शब्द दिला' ह्या क्रियापदानेच सगळा घोळ घातला आहे. शुल्क, मूल्य, वेतन हे शब्द सावरकरांनी दिले म्हणणं म्हणजे कौटिल्याच्या तोंडचा घास काढून घेणं. अर्थशास्त्रात शुल्क वसूल करणारा शुल्काध्यक्ष बसलेला आहे. सावरकरांचा आग्रह इतकाच होता की 'फी' आणि 'पगार' असे परके शब्द घेऊ नका, आपल्या घरात आहेत ते वापरा. हे पुनरुज्जीवन झालं, निर्मिती नव्हे.

महापौर, दूरध्वनी वगैरेंची गोष्ट वेगळी. 'पौर' म्हणजे नगरातला रहिवासी हा जुना अर्थ हाताशी होता, त्याला 'महा' लावून मेयरच्या खुर्चीवर बसवलं. ही खरी घडण. आणि ती कानाला इतकी बेमालूम लागते की हा शब्द कधी नवा होता हेच पटत नाही. हिंदीवाले 'दूरभाष' म्हणत बसले, आपण 'दूरध्वनी' छापून मोकळे झालो (बोलतो अर्थात फोनच).

तिसऱ्या गटात बुडालेले शब्द. फाउंटन पेनला 'झरणी' किती गोड आहे, पण पेनबरोबर पेनच आलं. रेडिओची 'नभोवाणी' आकाशवाणीपुढे मागे पडली, पण 'नभोनाट्य' मात्र तगलं.

'निर्बंध' सर्वांत मजेशीर. 'कायदा' अरबी म्हणून सावरकर 'निर्बंध' लिहीत. त्यांचं लेखन वाचताना हे ध्यानात ठेवलं नाही तर वाक्यं उलटी लागतात. एखादी गोष्ट 'निर्बंधाने' व्हावी असं ते म्हणतात तेव्हा ती कायद्याने व्हावी एवढंच म्हणायचं असतं. आज निर्बंध म्हणजे बंदी, मनाई, करोनातला पाच माणसांचा नियम. स्मरणिकेत हा शब्द ठेवणार असाल तर कंसात 'कायदा' लिहाच.

आणि हो, ही कल्पना पहिल्यांदा त्यांना सुचली असंही नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झालाच होता, फारसी कारभारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. सावरकर त्याचा दाखला आवर्जून देत. त्यातली गंमत अशी की पेशव्याला 'पंतप्रधान' हे नाव तेव्हाच मिळालं होतं, तरी पुढचं शतकभर लोक 'पेशवे'च म्हणत राहिले. हुकूम काढून शब्द रुजत नाहीत, हे तेव्हाही दिसलं होतं.

सोलापूरकर :
'हुतात्मा' ह्या शब्दाविषयी आमच्या गावाचं थोडं ऐका.

हुत म्हणजे हवनात अर्पण केलेलं. स्वतःलाच आहुती म्हणून देणारा तो हुतात्मा. 'शहीद' अरबी, म्हणून त्याच्या जागी हा आणला. शब्दाच्या पोटात यज्ञकुंड आहे, म्हणजे घडण पक्की वैदिक.

आता सोलापूरला या. १९३०च्या मार्शल लॉनंतर आमच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. गाव म्हणतं, चार हुतात्मे. त्यांच्या नावाने चौक आहे, हुतात्मा स्मृती मंदिर आहे, पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस आहे. सकाळी स्टेशनवर 'हुतात्मा लागली का?' असं कुणी विचारलं की विचारणारा हिंदू की मुसलमान, त्याचं राजकारण काय, ह्याचा त्या शब्दाशी काही संबंध उरलेला नसतो. 'कुर्बान' म्हणजे अर्पण केलेला, आणि 'हुत' म्हणजेही तेच. त्या माणसाच्या नावाचंच भाषांतर झालंय जणू, आणि ते कुणी मुद्दाम केलेलं नाही.

मुंबईतही तसंच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डांगे, एसेम जोशी अशी माणसं पुढे होती. कम्युनिस्ट आणि समाजवादी, म्हणजे सावरकरांच्या हिंदुत्वाच्या अगदी पलीकडच्या काठावरची. गोळीबारात पडलेल्यांना सर्वांनी एकमुखाने म्हटलं '१०६ हुतात्मे', आणि फ्लोरा फाउंटनचा झाला हुतात्मा चौक. शब्द एकदा गावात शिरला की तो कुणाच्या पक्षाचा राहत नाही.

तिरकस :
सोलापूरकर, सुरेख. पण शब्द निसटतो तसा निवडलेलाही असतो. मी 'बंड'बद्दल सांगतो.

लंडनमध्ये इंडिया हाऊस ह्या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून विशी-पंचविशीतल्या सावरकरांनी १८५७वर ग्रंथ लिहिला. इंग्रज त्याला शिपायांचं बंड म्हणत, आपल्याकडेही सर्रास 'बंड'च म्हणत. ह्यांनी म्हटलं, 'स्वातंत्र्यसमर'. १९०९ला इंग्रजी भाषांतर निघायच्या आतच सरकारने बंदी घातली. नुसत्या नावाने केवढा फरक पडला बघा. बंड होतं ते राजाविरुद्ध, म्हणजे इंग्रज हा राजा हे गृहीत धरलेलं. समर होतं ते शत्रूविरुद्ध. त्या ग्रंथात अझीमुल्ला आहे, मौलवी अहमदशहा आहे, म्हणजे १८५७चे मुसलमान पुढारी, आणि त्यांचं कौतुक हातचं राखून केलेलं नाही.

पुढे १९२१ला मलबारात मोपला मुसलमानांचा उठाव झाला. तिथे हिंदूंच्या कत्तली झाल्या, बळजबरीने धर्मांतरं झाली. त्यावर सावरकरांनी कादंबरी लिहिली. नाव? 'मोपल्यांचे बंड'. ज्या माणसाने 'बंड' हा शब्द १८५७वरून खरवडून काढला त्यानेच तो इथे चिकटवला. दोन्ही निवडी जाणूनबुजून केलेल्या. मधल्या काळात अंदमान झालं होतं, खिलाफत झाली होती, आणि १९२३ला 'हिंदुत्व' ग्रंथ आला होता. त्यांच्या राजकारणाचा काटा कुठून कुठे फिरला हे पाहायला मला तरी ही दोन शीर्षकं शेजारी ठेवली की पुरतात.

कोकणातला :
'हिंदुत्व' शब्दही त्यांनीच घडवला असं यादीत असेल तर काढा. बंगालीत चंद्रनाथ बसूंचा 'हिंदुत्व' नावाचा ग्रंथ १८९२चा. सावरकरांनी शब्दाला व्याख्या दिली, आणि आज जग तो त्याच अर्थाने ओळखतं.

त्यांचा श्लोक इथे पुरा द्यावा लागेल, कारण सगळी मेख त्यात आहे :

आसिंधुसिंधुपर्यंता यस्य भारतभूमिका ।
पितृभूः पुण्यभूश्चैव स वै हिंदुरिति स्मृतः ॥

सिंधू नदीपासून समुद्रापर्यंतची भूमी ज्याची पितृभू आणि पुण्यभू, तो हिंदू. ह्यात वेद मानणं नाही, मूर्ती नाही, जात नाही. म्हणून शीख, जैन, बौद्ध आत येतात, नास्तिकही येतो (स्वतः सावरकर कर्मकांडाला जवळपास नास्तिकाच्याच नजरेने पाहत). 'पितृभू'ची अट इथल्या मुसलमान-ख्रिस्ती माणसाला सहज पुरी करता येते. 'पुण्यभू'च्या अटीवर तो अडतो. एकाच श्लोकातला एक शब्द दार उघडतो आणि दुसरा लावून घेतो. अनुयायांना त्यातली व्यापकता दिसते, टीकाकारांना बंद दार. माझ्या मते श्लोक रचणाऱ्याला दोन्ही हवं होतं.

आमच्या रत्नागिरीत ते १९२४ ते १९३७ होते. ह्याला 'नजरकैद' म्हणू नका, सावरकरी मराठीत 'स्थानबद्धता'. जिल्हा सोडायचा नाही, राजकारणात पडायचं नाही, ह्या अटी. तेव्हा त्यांनी सहभोजनं घातली, १९३१ला पतितपावन मंदिर उघडलं, त्यात सर्व जातींना प्रवेश. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं रोखठोक लिहिलं. आज त्यांच्या नावाने घोषणा देणाऱ्यांतले किती जण हे वाक्य व्यासपीठावरून म्हणतील, हे ज्याचं त्याने बघावं. पुढे १९३७ला अहमदाबादेत हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या भाषणात हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रं आहेत असं मांडलं. पतितपावनवाला सावरकर आणि अहमदाबादवाला सावरकर ह्यांतला एकच निवडायचा मोह बऱ्याच जणांना होतो.

पोथीवाला :
एक बारीक दुरुस्ती राहिली. स्मरणिकेत कुठे 'बॅ. सावरकर' असेल तर खूण करा. परीक्षा त्यांनी दिली, पण त्यांच्या राजकीय उद्योगांमुळे ग्रेज इन ह्या लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेनं त्यांना बॅरिस्टर म्हणून घेतलंच नाही.

मुद्रितशोधक :
'बॅ.' तीन ठिकाणी आहे! बरं झालं सांगितलंत. पण माफीचं कुणीच बोलेना.

तिरकस :
बोलतो. त्यात काय अवघड आहे? १४ नोव्हेंबर १९१३चा अर्ज आहे. त्यात सरकारला मायबाप म्हटलंय, उधळ्या मुलाने बापाच्या दाराशी नाही तर कुठे जावं असं विचारलंय, आणि सोडलंत तर सरकारशी एकनिष्ठ राहीन अशी हमी दिली आहे. ह्याला मराठीत माफी मागणं म्हणतात. 'आवेदन' हे सोवळं नेसवणं झालं.

कोकणातला :
तिरकस, ५० वर्षांची शिक्षा, कोलू (तेलाचा घाणा), खोडाबेडी हेही त्याच वाक्यात येऊ द्या. अर्ज करायची सोय सगळ्याच कैद्यांना होती, इतरांनीही अर्ज केले. अर्जाची भाषा त्या काळी ठरीवच असायची, 'आपला आज्ञाधारक सेवक' छाप. सुटून काम करता यावं म्हणून केलेला तो डाव होता, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी स्वतः 'माझी जन्मठेप'मध्ये अर्जांचा उल्लेख लपवलेला नाही.

तिरकस :
ठरीव मायना असतो. उधळ्या मुलाचा दृष्टान्त ठरीव नसतो, तो बसून लिहावा लागतो.

पोथीवाला :
दोघेही थांबा. हा धागा शब्दांचा आहे, आणि शब्दात खरंच एक पेच आहे.

मराठीत 'माफी' दोन कामं करते. 'माफी मागितली' म्हणजे चूक कबूल केली. पण कर्जमाफी, फीमाफी, शिक्षामाफी ह्यांत चूक-बिक काही नाही, देणं सोडून दिलं इतकंच. कर्जमाफी मागणारा शेतकरी कुणाची क्षमा मागत नसतो. अंदमानातल्या अर्जांचं मुख्य मागणं दुसऱ्या अर्थाचं आहे : शिक्षेत सूट द्या, सोडा. पण १९१३च्या अर्जाची भाषा पहिल्या अर्थाकडे झुकते, हेही खरं. एकच शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसलाय म्हणून भांडण सुटत नाही. एक जण 'माफी' म्हणतो तेव्हा क्षमा ऐकवत असतो, दुसरा सूट ऐकत असतो.

तिसरा वापरही त्यांच्याच आयुष्यात आहे. गांधीहत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे 'माफीचा साक्षीदार' झाला. सावरकरांनी गोडसे-आपटेंना 'यशस्वी होऊन या' म्हटल्याचं त्यानेच सांगितलं. त्याला दुजोरा देणारा स्वतंत्र पुरावा पुढे आला नाही, आणि १० फेब्रुवारी १९४९ला लाल किल्ल्यातल्या न्यायालयाने सावरकरांना सोडलं. इथेही शब्दावरून भांडण आहेच. एक बाजू छापते 'निर्दोष मुक्तता', दुसरी छापते 'पुराव्याअभावी सुटका'. निकालापुरतं पहिलं बरोबर, कारणापुरतं दुसरं. त्यानंतर गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने १९६९च्या अहवालात सावरकर आणि त्यांच्या गटाकडे बोट दाखवलं. त्याने सावरकरांचा अंगरक्षक आणि चिटणीस ह्यांचे जबाब विचारात घेतले, जे खटल्यात आलेच नव्हते. तोवर सावरकरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आयोग शिक्षा देत नसतो, न्यायालय देतं. म्हणून 'आयोगाने दोषी ठरवले' असं कुठे असेल तर 'आयोगाने निष्कर्ष काढला' करा. आणि नुसतं 'निर्दोष' असेल तर खाली आयोगाची ओळ टाका.

सोलापूरकर :
मृत्यूचा शब्दही बघून घ्या. अन्न-औषध सोडून ते १९६६ला गेले. त्याआधीच आत्महत्या आणि आत्मार्पण ह्यांतला फरक त्यांनी लेख लिहून सांगून ठेवला होता. जीवनाला कंटाळून मरणं वेगळं, कार्य संपल्यावर समाधानाने देह ठेवणं वेगळं. स्वतःच्या मरणाला कोणता शब्द लावायचा हेसुद्धा लोकांवर सोडलं नाही ह्या माणसाने.

मुद्रितशोधक :
संपादकांशी बोललो. सगळीकडे 'सुटकेचे अर्ज' असा साधा शब्द घेतोय. 'माफीनामे' आणि 'आवेदने' दोन्ही फक्त लेखकांच्या अवतरणांत राहतील. १९१३च्या अर्जातला उतारा चौकटीत पूर्ण देतोय, भाषांतरासह. 'बॅ.' तिन्ही ठिकाणी काढला. यादीचं शीर्षक 'सावरकरांनी घडवलेले व रूढ केलेले शब्द' झालं, शुल्क-मूल्य-वेतन दुसऱ्या रकान्यात गेले.

एकच गोष्ट अडकली आहे. एका लेखकाने सगळा लेख 'अितिहास', 'अुदाहरण' असा सावरकरी लिपीत लिहून दिलाय आणि एकही अक्षर बदलायचं नाही म्हणतो. युनिकोडमध्ये अ ला वेलांटी दिली की आमच्या फाँटात ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. कुणाला ह्यावर उपाय माहीत असेल तर सांगा, परवा छपाईला जायचंय.