लहान मुलांना डावे-उजवे आणि दिशा खेळातून कशा शिकवाव्यात?

प्रश्न (दादर): माझ्या पाच वर्षांच्या मुलीला डावे-उजवे अजून नीट सांगता येत नाही. पाठांतर न लादता तिला दिशांची समज कशी द्यावी?

उत्तर १: ताई, काळजी नसावी. स्वतःचे डावे-उजवे बहुतेक मुलांचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्के होते आणि समोरच्या व्यक्तीचे त्याहूनही उशिरा, म्हणून खेळताना आपण तिच्यासमोर नव्हे, तर शेजारी उभे राहावे.

उत्तर २: मुंबईत पश्चिम दाखवायला समुद्र आहे, हे केवढे भाग्य! दादर चौपाटीवर तिला समुद्राकडे तोंड करून उभे करा; पाठीमागे पूर्व, उजव्या हाताला उत्तर आणि डाव्या हाताला दक्षिण येते. पुढे स्थानकावर, विरारकडे जाणारी लोकल कोणत्या दिशेला निघाली आणि चर्चगेटकडची कोणत्या, असे तिलाच विचारावे.

उत्तर ३: घराचा साधा नकाशा काढून खाऊ लपवण्याचा खेळ मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण कागदावरची खोली आणि प्रत्यक्ष खोली यांची सांगड मूल स्वतः घालते, मात्र नकाशा योग्य दिशेने फिरवून धरायला सुरुवातीला मदत करावी.